एकतीस खुंट

“बावीचा गो कठडा, आईच्या मांडीवानी
बाळ वाकून बघतो, खोल आभाळाचं पानी…”

मुसाच्या आईचा हा आवाज. पंचावन्न वर्षं तरी झाली असतील. पावस गावाच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला, मोहल्ला आणि कुणबीवाडी यांच्या मधोमध एक सामाईक बाव होती. दोन्हीकडच्या बाया एकाच रहाटावर पाणी ओढायच्या आणि ओव्याही एकमेकींच्या तोंडातून उचलायच्या; कुठली ओवी कुणाच्या घरची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पोरं बावीपाशी धावत आली की आई ओरडायची नाही, गायला लागायची. गाणं कानावर आलं की कठड्याला पोट टेकायचं आणि मगच खाली वाकायचं, एवढं पोरांना ठाऊक. कठडा जांभ्या चिऱ्याचा होता. किती पिढ्यांच्या पोरांनी पोटं घासून तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत केला होता. त्या बावीत आभाळ पडलं, बांगड्या पडल्या, कळश्या पडल्या. पोर कधी पडलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी दीपकशेठच्या बंगल्यामागे उभं असताना मुसाला तो आवाज आठवला आणि त्याची कानशिलं तापली. समोर पाणी होतं, आणि कठडा नव्हता.

बंगला सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या, टोकावर होता. खाली हापूसची कलमं, त्यांच्याखाली समुद्र. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवार गाठून इथं राहायला येत. मागच्या बाजूला पोहायचा तलाव. दीपकशेठ त्याला पूल म्हणत, गाव हौद म्हणे. हौदाभोवतीची फरशी चार वर्षांपूर्वी मुसानेच घातली होती. एकाच खाणीतला चिरा, एकाच रंगाच्या लाद्या, सांध्यात नख जाणार नाही असं काम. त्याआधी सतरा वर्षं तो मस्कतला हेच काम करत होता. तिथल्या मुकादमाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आधी कुंपण, मग पाणी. मुसाने तेच दीपकशेठना सांगितलं आणि कुंपण बसवून घेतलं. काळी जाळी, छातीला लागेल एवढी उंच, स्टीलच्या एकतीस खांबांवर ताणलेली. बागेच्या बाजूला फाटक, स्प्रिंगने आपोआप मिटणारं. मुसा त्या फाटकाला बेडं म्हणे, बागेभोवतीच्या दगडी गडग्यातल्या दाराला म्हणतात तसं.

आता खांब नव्हते. रत्नागिरीहून आलेल्या दोघा वेल्डरनी ग्राइंडर लावून ते फरशीच्या पातळीला कापून टाकले होते, आणि खालचे बुडखे तसेच दगडात सोडून दिले होते. एकतीस खुंट. प्रत्येकाभोवती ठिणग्यांनी जळालेला काळा डाग. दात मोडावा आणि मूळ हिरडीत ठेवून द्यावं, तसं. दोन पावसाळे गेले की खारट वाऱ्याने लोखंड फुगणार आणि सगळ्या लाद्या तडकणार. मुसा खाली बसला, एका खुंटावरून अंगठा फिरवला. अंगठा कापला. त्याने तो तोंडात घातला आणि तसाच धरला, कारण तोंडातून जे निघालं असतं ते परक्याच्या अंगणात शोभलं नसतं.

त्याच्याबरोबर बाबल्या होता, पन्नाशीचा बिगारी, ज्याला गप्प बसणं जमत नसे. बाबल्याने खुंट मोजले, दोनदा मोजले आणि म्हणाला, “चाचा, ही तर शेठच्या लग्नाच्या पंगतीची पानं मांडल्यासारखी दिसतात. बसू का एकावर?”

मुसा हसला नाही. बाबल्याला नवल वाटलं. मे महिन्यापासून चाचा हसायचाच बंद झाला होता.

दीपकशेठ चहाचा कप घेऊन बाहेर आले. बाप इथला, जन्म भांडुपचा. गावात यायचे तेव्हा मुंबईची घाई बरोबर घेऊन यायचे. माणूस मुळात वाईट नव्हता. पण मेपासून तो घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस स्वतःला वाचवायला कुणाच्याही पाठीवर पाय देतो. त्यांनी काम समजावून सांगितलं. खुंट काढायचे, भोकं बुजवायची आणि फरशी अशी करायची की इथं कधी काही होतं असं कुणाला वाटता कामा नये. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

मुसाने विचारलं की भोकांत नळकांडी बसवून वर पितळी झाकणं लावली तर? पोरंबाळं घेऊन कुणी आलं की झाकण काढायचं, खांब उभे करायचे. मस्कतला त्याने अशी किती तरी केली होती. दीपकशेठनी मान हलवली. झाकणं पायाला लागतात. फोटोत दिसतात. लोकांनी इंटरनेटवर लिहिलं होतं की समुद्र बघायला गेलो आणि पिंजरा बघून आलो. आता कुंपण नाही, फक्त पाटी: मुलांची जबाबदारी पालकांची.

“पाटी पोरांना वाचता येते काय?” मुसाने विचारलं.

“जाळी होती तेव्हाच पोर पडली ना, चाचा?” दीपकशेठ म्हणाले. “जाळीने काय केलं? उघडं टाकणारा माणूस असला की जाळी असून नसून सारखीच.”

हे म्हणताना त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.  मुसाने मान खाली घातली आणि दगड कापायच्या यंत्राची वायर सोडायला लागला.

स्वयंपाकघराच्या पायरीवर मालन उभी होती. बंगल्याचा स्वयंपाक, झाडलोट, पाहुण्यांचं हवंनको, सगळं तिच्याकडे. वाडीतली, दीपकशेठच्या भावकीतली. मेपर्यंत ते तिला मालनवहिनी म्हणत. आता मालनबाई म्हणत. एका शब्दात एवढी खोल दरी पाडता येते, हे मुसाला साठी उलटल्यावर कळलं.

मे महिन्यात झालं होतं ते असं.

पुण्याहून एक कुटुंब आलं होतं. आईबाप, आजी आणि चार वर्षांची इकरा. दुपारची जेवणं झाल्यावर सगळी आडवी झाली. पोरगी उठून बाहेर आली, बागेच्या बाजूने फिरत बेड्यातून आत गेली आणि हौदात पडली. मालन भांडी घासत होती. तिला पाण्याचा आवाज आला. एवढ्या मोठ्या घरात तो तिला एकटीलाच आला. ती धावली आणि नेसत्या लुगड्यानिशी उडी मारली. मालनला पोहता येत नव्हतं. चार फूट पाणी होतं म्हणून दोघी वाचल्या, नाहीतर एकीच्या जागी दोघी गेल्या असत्या. पोरगी दोन दिवस दवाखान्यात राहिली आणि हसत घरी गेली. पण त्या संध्याकाळी, पोरगी जगते की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना, दीपकशेठनी अंगणात सगळ्यांसमोर विचारलं होतं, बेडं उघडं कसं? आणि स्वतःच उत्तर दिलं होतं: झाडताना अडवून ठेवलं आणि तसंच राहिलं. फाटकाची जबाबदारी कुणाची? मालनची.

मालन म्हणाली, मी सकाळी झाडलं, लावलं, हलवून बघितलं. शपथ घेतली. ओलं लुगडं अंगावर वाळत होतं आणि ती शपथ घेत होती. कुणी ऐकलं नाही. जिने पोर बाहेर काढलं तिच्याच नावाने पोर बुडाल्याचा बोभाटा झाला. वाडीत, मोहल्ल्यात, पावसच्या बाजारात, मासळीवालीच्या टोपलीपाशी. भांडुपला पहारेकरी असलेल्या तिच्या नवऱ्याने, रघूने, फोनवर विचारलं, “लावलं व्हतंस ना पण नक्की?” त्या ‘पण’ने तिला जेवढं मारलं तेवढं शेठच्या ओरडण्याने मारलं नाही.

आणि बेडं उघडं ठेवलं होतं मुसाने.

त्या दिवशी तो एकटाच, कुणाला न सांगता, बागेच्या बाजूने आला होता. बाबल्या नाटे गावी मेहुण्याच्या लग्नाला गेलेला. हौदाच्या यंत्रखोलीपाशी दोन लाद्या तडकल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या. खांद्यावर चिरा घेऊन आत जायचं, तर बेडं स्प्रिंगने पाठीवर आपटायचं. कलमांच्या बागेत आंबे उतरवताना करतात तेच त्याने केलं. ओळंब्याच्या दोरीने बेडं मागच्या खांबाला बांधून टाकलं. आमच्या भागात हे कुणाला शिकवावं लागत नाही. बेडं बांधलेलं दिसलं की समजायचं आत काम चालू आहे. त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. लाद्या बसवून झाल्या तेव्हा बाराला थोडाच वेळ होता, दिवस जुम्म्याचा होता. मुसाने हत्यारं गोळा केली आणि तो मशिदीकडे निघाला. दोरी राहिली. नमाज झाली, जेवण झालं, उन्हाने डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उरलेलं सिमेंट न्यायला गेला. बंगल्यात रडारड, पोरगी दवाखान्यात, हौदाकडे कुणी नाही. काव लागून तांबडी झालेली त्याची दोरी चिऱ्याच्या रंगात मिसळून खांबाला तशीच होती. एवढी माणसं त्या बेड्यातून धावली होती, एकानेही मागे वळून बेडं कशाने अडलंय ते पाहिलं नव्हतं. मुसाने गाठ सोडली. बेडं खटकन मिटलं. दोरी त्याने खिशात घातली.

पोरगी जगली की सांगू, असं त्याने ठरवलं. पोरगी जगली. मग वाटलं, आता मिटलंच की. मग मालनचं नाव पसरलं, आणि तेव्हा सांगायचं म्हणजे इतके दिवस का गप्प होतास, हेही सांगावं लागणार होतं. दिवस जेवढे जात होते तेवढं ते दुसरं उत्तर जड होत होतं.

यंत्र सुरू झालं आणि दिवसभर दुसरं काही ऐकू आलं नाही. गोल पात्याने खुंटाभोवतीचा दगड कापायचा, पाणी सोडत राहायचं, मग खुंट दगडासकट उपटायचा. जांभा मऊ, हात जरा घाईचा पडला की कड ढासळते. मुसाचा हात घाईचा पडत नव्हता, पण रागाचा पडत होता. तिसऱ्या खुंटाला कड गेली. बाबल्या म्हणाला, चाचा, तुमच्या हातून कड गेलेली मी जन्मात बघितली नाय. मुसा त्याच्यावर खेकसला. कुणाच्या वडिलांचा हौद, कुणाची पोरं, आणि म्हणे फोटोत दिसतं. समुद्र एवढा अर्ध्या आभाळाएवढा पसरलाय, त्याला छातीएवढी जाळी झाकते होय? डोळे कुठं ठेवून येतात ही माणसं? उपटलेला खुंट त्याने असा फेकला की तो गडग्यावर आपटून बागेत गेला.

“शेठनी ऐकलं तर?” बाबल्या म्हणाला.

“ऐकू दे.”

पण शेठनी ऐकावं असं जे होतं ते हे नव्हतं, आणि हे मुसाला ठाऊक होतं. शेठवर केलेला प्रत्येक संताप फिरून त्याच्याच अंगावर येत होता. जाळी असून काय झालं, हा शेठचा सवाल खोटा होता. जाळी चोख होती. स्प्रिंग चोख होती. सगळं खापर जाळीवर आणि मालनवर फुटलं, म्हणून जाळी गेली. मुसाच्या एका गाठीने पोरगी पडली, आणि त्याच्या गप्प बसण्याने हे एकतीस खांब पडले. उद्या इथं दुसरं पोर येईल. त्याला पाटी वाचता येणार नाही.

मालनने चहा आणला. हौदाकडे यायला तिला मनाई होती, म्हणून ती पायरीवरच थांबली आणि तिथून हाक मारली. पूर्वी ती चहा द्यायला यायची ती बाबल्यावर जुळवलेलं काहीतरी गात. त्याने एकदा पातळी बघायची लेव्हलची नळी समजून बागेची पाण्याची नळी आणली होती, त्यावर तिने चार ओळी केल्या होत्या आणि गणपतीत त्या वाडीभर गाजल्या होत्या. आता ती कप खाली ठेवायची आणि पदराने हात पुसत उभी राहायची.

“चाचा, सगळी भोकं बुजवणार?” तिने विचारलं.

“शेठनी सांगितलंय.”

“मग परत लावता नाय येणार.”

“नाय.”

ती हौदाकडे बघत राहिली. “चाचा, तुमाला एक विचारू? माणसाला आपण केलेलं इसरायला होतं काय? म्हंजे हातानं केलं आणि डोक्यात राह्यलंच नाय, असं?”

 असं का विचारतेस, असं मुसाने विचारलं. ती म्हणाली, रात्री पडल्यावर मी ती सकाळ परत परत बघते. झाडते, बेडं लावते, हलवते. आधी लख्ख दिसायचं. आता कधी कधी दिसतं की मी लावलंच नाय, तशीच आत आले. एवढी माणसं म्हणतात ती काय खोटं म्हणतात? नवरा म्हणतो, दमलेली असशील. असेन दमलेली.

मुसाने चहा तसाच ठेवला. “तू लावलं व्हतंस,” तो म्हणाला.

“तुमी कुठं व्हता बघायला?” ती म्हणाली. बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कुणीतरी बघितलेलं हवं होतं. मुसाचं तोंड उघडलं. तेवढ्यात दीपकशेठनी आतून हाक मारली, “मालनबाई,” आणि ती गेली.

मुसाच्या आयुष्यात यापेक्षा सोपी संधी आली नसेल, आणि ती त्याने हाक आली म्हणून सोडली. पुढे कितीही कारणं दिली तरी तो स्वतःला हे सांगू शकला नाही की मला वेळ मिळाला नाही.

मंगळवारी सगळे खुंट निघाले. बुधवारी भोकं भरायची होती. तळाला सिमेंट, आणि वरच्या दोन इंचात त्याच चिऱ्याची गोल गुडदी, बुचासारखी घट्ट बसणारी. चार वर्षांपूर्वीच्या उरलेल्या लाद्या यंत्रखोलीमागे होत्या. मुसाने एकतीस गुडद्या त्यातूनच कापल्या. कापताना पडलेला भुगा चाळून चुन्यात कालवला, म्हणजे सांध्याचा रंगही दगडाचाच. पाण्याचं फडकं फिरवलं की गुडदी कुठली आणि लादी कुठली ते खुद्द त्यालाही शोधावं लागे. आयुष्यभराचं कसब होतं ते. इतकं सुरेख लपवण्याचं काम त्याने कधी केलं नव्हतं, आणि प्रत्येक गुडदी बसली की त्याला स्वतःच्या हातांचा वीट येत होता.

दुपारपर्यंत तीस झाल्या. एक राहिली, बेड्याच्या खांबाची.

तेव्हा दीपकशेठ कागद घेऊन बाहेर आले. मागोमाग मालन. शेठनी तिला व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं, हे तिला नवीन होतं. ती कडेवर टेकली. पुण्याच्या त्या कुटुंबाच्या वकिलाचं पत्र आलं होतं. फाटक उघडं का होतं, याचा लेखी खुलासा मागितला होता. दीपकशेठनी उत्तर तयार करून आणलं होतं. तिने फक्त सही करायची. ते समजावत होते, घाई करत होते. काही होत नाही मालनबाई, नुसती फॉर्मॅलिटी आहे, मी आहे ना.  सही झाली की हे प्रकरण बंगल्याच्या दारातून निघून वाडीतल्या एका चुलीपाशी जाणार होतं, आणि तिथून पुढे कुठं जाईल ते शेठना ठाऊक होतं, मालनला नव्हतं.

मालन सातवी शिकलेली. तिने कागद घेतला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. शाळेत वाचतात तशी, प्रत्येक शब्दाला थांबत. सदर बंगल्याची देखभाल करणाऱ्या श्रीमती मालन यांच्या निष्काळजीपणामुळे.

तिथं ती थांबली.

“हा शब्द काय, भाऊ?”

“तो कायद्याचा शब्द आहे. पुढे वाचा.”

“निष्काळजी. म्हंजे काळजी नसलेली ना?” तिने कागदावरून बोट उचललं नाही. “मना काळजी नव्हती?”

 बाबल्या घमेलं हातात धरून उभा राहिला होता, तो ते खाली ठेवायला विसरला.

“मना पोहायला येत नाय, भाऊ,” मालन म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “पाणी किती हाय ते मना ठावं नव्हतं. मी घरात रोज रांधते, त्या पाण्यात कधी पाय घातला नव्हता. तरी गेले. आणि हितं लिवलंय काळजी नव्हती.”

“वहिनी,” दीपकशेठ म्हणाले. सहा महिन्यांनी त्यांच्या तोंडून तो शब्द आला, आणि तो सही मिळवायला आला होता. “उडी मारलीत ते कोण नाकारतंय? पण उघडं राहिलं हे खरं ना? कुणीतरी टाकलंच ना उघडं? तुमच्याशिवाय त्या दिवशी तिकडे गेलं होतं कोण?”

मालनने कागद मांडीवर पसरला. मग तिचे खांदे खाली आले. मुसाने पुष्कळ भिंती खचताना पाहिल्या होत्या. भिंत एकदम पडत नाही. आधी ती स्वतःचं वजन धरणं सोडून देते.

“असेल,” ती म्हणाली. “एवढी सगळी म्हणतात तर असेल. मीच टाकलं असेल. आता माजं मनच मना साथ देत नाय. पेन द्या.”

दीपकशेठनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं आणि तिच्या हातात दिलं.

मुसा बेड्याच्या भोकापाशी उकिडवा बसला होता. एका हातात थापी, दुसऱ्यात शेवटची गुडदी. कालवलेला चुना आळायला लागला होता. त्याने गुडदी खाली ठेवली, थापी घमेल्यात टाकली, गुडघ्यावर हात दाबत उठला आणि चुन्याने माखलेल्या पायांनी सरळ व्हरांड्यात चढला. पुसलेल्या लाद्यांवर पांढरी पावलं उमटली. दीपकशेठ म्हणाले, चाचा, पाय. मुसाने ऐकलं नाही. त्याने मालनच्या हातातलं पेन काढून घेतलं. ती चमकून वर बघायला लागली. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्याने तिच्या हातून कधी काही ओढून घेतलं नव्हतं.

त्याला आधी शेठना सुनवायचं होतं. तीन दिवस मनात जुळवलेलं सगळं, जाळीबद्दल, फोटोबद्दल, पाटीबद्दल, एका बाईच्या सहीमागे लपणाऱ्या बंगल्याबद्दल. त्याने शेठकडे पाहिलं, आणि त्याला दिसलं की समोरचा माणूस जे करतोय तेच आपण सहा महिने करत आलो. फरक एवढाच की त्याने कागद काढला. मग शेठना सुनवायचं काही उरलं नाही. तो मालनकडे वळला. खाली बसला, तिच्या पायांपाशी, पायरीवर, म्हणजे तिला त्याच्याकडे मान वर करून बघावं लागणार नाही.

“तू लावलं व्हतंस, गो,” तो म्हणाला. “सकाळी झाडलंस, लावलंस, हलवून बघितलंस. तुजं मन खोटं बोलत नाय. त्या दिवशी बाराच्या आधी मी गेलो आत, चिरा घेऊन. बेडं पाठीत लागत व्हतं म्हणून माज्या ओळंब्याच्या दोरीनं बांधलं, आणि ते न सोडता मी नमाजला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी तिथंच व्हती. ती कुणी बघायच्या आत मी सोडली आणि खिशात घातली. चुकून नाय घातली, मालन. समजून घातली. तू पाण्यात उडी मारलीस तवा मी जेवून निजलो व्हतो.”